तारखा सरळ केल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

धाराशिवला परत आल्यापासून मी घरूनच कॉम्प्युटरची कामं करते. त्यातलंच एक काम आमच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं. दवाखाना जुना, आणि तिथला प्रोग्रॅमही तितकाच जुना. आईचा काचबिंदू शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळला होता. त्यामुळे त्यांनी बोलावलं तेव्हा काम काय ते न विचारताच मी हो म्हणाले.

अडचण साधी होती. पेशंट शेवटचा कधी आला ती तारीख प्रोग्रॅममध्ये नुसता मजकूर म्हणून साठवलेली होती, आणि मजकुराच्या रकान्यात काहीही लिहिता येतं. कुणी दिवस आधी लिहिला होता, कुणी महिना. कुणी वर्षाचे दोनच आकडे टाकले होते, कुणी मराठी आकडे. एका ठिकाणी तर ‘पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं टाइप केलेलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी यातली एकही तारीख नव्हती, नुसती अक्षरं. त्यामुळे कोण किती दिवसांत फिरकलेलं नाही, हे डॉक्टरांना काही केल्या काढता येत नव्हतं.

मी आधी बॅकअप घेतला आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती एकेक नोंद वाचायची आणि वर्ष, महिना, दिवस अशा एकाच क्रमात लावायची. ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, असा घोळ आला की मागच्या-पुढच्या केसपेपरच्या तारखा बघून ठरवायची. त्यातूनही उलगडलं नाही तर ती नोंद माझ्यासाठी बाजूला ठेवायची. रविवारी दवाखाना बंद असताना मी ती चालवली. दुपारपर्यंत सगळ्या तारखा एका साच्यात बसल्या. आईची नोंदही त्यात कुठंतरी होती. मी ती उघडून पाहिली नाही.

सोमवारी सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात मोबाइल वाजला. दवाखान्याचा मेसेज होता. वर आईचं पूर्ण नाव आणि खाली लिहिलं होतं, ‘आपली डोळ्यांची वार्षिक तपासणी राहिली आहे. कृपया आज यावे.’

आईला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

काय झालं असेल ते माझ्या लगेच ध्यानात आलं. वर्षभर न आलेल्या काचबिंदूच्या पेशंटना आपोआप बोलावण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून असणार. तारखाच वाचता येत नसल्यामुळे ती कधी चालली नव्हती, म्हणून कुणाला ठाऊकही नव्हती. आता तिला तारखा कळायला लागल्या होत्या. कोण जिवंत आणि कोण नाही, हे तिला कळण्याचं कारणच नव्हतं. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं. तरी चहा न घेताच मी गॅस बंद केला.

दवाखाना उघडायची वाट पाहिली आणि अकराच्या सुमारास गेले. एरवी तिथं गलका असतो. त्या दिवशी बाहेरचा हॉल गच्च भरला होता आणि कुणी बोलत नव्हतं. काउंटरवरच्या बाई नवीन होत्या. स्क्रीनवर जी नावं आली होती ती त्या एकेक करून पुकारत होत्या. एक नाव पुकारलं की मागून कुणीतरी उठायचं आणि हळू आवाजात सांगायचं, “मी त्यांचा मुलगा. वडील नाहीत आता.” बाई मान हलवायच्या, त्याला आत पाठवायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या.

मी एका म्हाताऱ्या काकांशेजारी बसले. स्वच्छ धोतर, हातात मोबाइल घट्ट धरलेला.

“कुठून आलात काका?”

“नळदुर्गाहून. मिळंल त्या यष्टीनं.”

“मेसेज आला होता का?”

“व्हय. मालकिणीचं नाव व्हतं. सुनंनं वाचून दाखवला.”

मी पुढचं विचारण्याआधी त्यांनीच सांगितलं.

“तिला जाऊन लई दिस झाले. पर तिला बोलावलंय आन् कुणीच गेलं न्हाय, ते बरं दिसत न्हाय. म्हणून मी आलो.”

मी आजूबाजूला पाहिलं. तक्रार करायला आलेलं असं कुणीच दिसत नव्हतं. घरातल्या गेलेल्या माणसाला हाक आली होती, म्हणून ही सगळी माणसं त्याच्या जागी येऊन बसली होती.

मग बाईंनी आईचं नाव पुकारलं. किती तरी वर्षांनी ते नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं ऐकलं. मी उठले. “आले,” असं माझ्या तोंडून गेलं.

आत डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. झाला प्रकार त्यांच्याही लक्षात आला होता.

“मेसेज थांबवते सर, लगेच.”

“थांबव. पण आधी इथं बस. हा आजार रक्तातून येतो. आलेल्या सगळ्या मुलाबाळांचे डोळे तपासून घेतोय मी.”

मी मशीनवर हनुवटी टेकवली. त्यांनी डाव्या डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला. मग आणखी तपासण्या झाल्या.

“काही त्रास होतोय का?”

“काहीच नाही.”

“यात होत नाहीच. डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेलीय. गेलेली परत येणार नाही, राहिलेली सांभाळू. बरं झालं आलीस.”

थेंबांची बाटली पर्समध्ये टाकून मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरपुढं बसले आणि मेसेजची ती सोय बंद केली. उठण्याआधी आईची नोंद उघडली. तिथं माझा नंबर नव्हता. आईचाच जुना नंबर होता, जो ती गेल्यावर भावानं स्वतः जाऊन बंद केला होता. दुसऱ्या नंबरचा रकाना रिकामा. माझ्या स्क्रिप्टनं तारखांखेरीज कशालाही हात लावलेला नव्हता. पाठवलेल्या मेसेजांमध्ये आईच्या नावापुढं ‘पोचला नाही’ असं लिहिलेलं होतं. मी मोबाइल काढून पाहिला. मेसेज तिथंच होता.

संध्याकाळी पुण्याला भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“मला का नाही आला?” त्यानं विचारलं.

“ते जाऊ दे. तू आधी डोळे तपासून घे.”

त्याच आठवड्यात त्यानं ते तपासून घेतले. त्याचे डोळे ठणठणीत निघाले.