सरांनी दिलेला अनुभव

राजशेखर सरांना पेशंटची धास्ती होती, हे नांदेडच्या त्या नर्सिंग कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. वॉर्डात काही महिने कसेबसे ढकलून ते जे फळ्यापाशी येऊन चिकटले, ते चिकटलेच. गावाकडं निलंग्याला त्यांची आई सांगायची, पोरगा डॉक्टरांना शिकवतो. सरांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

अलीकडं त्यांना प्रौढ अध्ययन सिद्धांताचं खूळ लागलं होतं. एका कार्यशाळेतून ते घेऊन आले. मोठी माणसं आपल्या अनुभवातून शिकतात, त्यांना मान देऊन शिकवावं लागतं, एवढीच गोष्ट. सरांनी तिचे मुद्दे पाडले आणि वर्गाकडून घोकून घेतले. जी अडखळेल ती तास संपेपर्यंत उभी. वर्ग होता नोकरीतून पदवीला आलेल्या नर्सांचा. किनवटच्या आश्रमशाळेवरच्या केवळाबाई त्यात होत्या, तीन लेकरांची आई. हिमायतनगरच्या दिलशाद सिस्टर होत्या, चाळिशी ओलांडलेल्या. पस्तिशीचे सर दोघींनाही अगं-तुगं करत. 'समजलं का?' म्हटलं की सगळा वर्ग 'हाव सर' म्हणे, आणि सरांना वाटे, आपल्यासारखा शिकवणारा मराठवाड्यात नाही.

जुन्या प्राचार्य निवृत्त झाल्या आणि सरांची झोप उडाली. ती खुर्ची त्यांना हवीच होती. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, लातूरच्या निवृत्त प्राध्यापिका सिद्धम्मा बाई येऊन वर्ग बघतील, त्या म्हणतील तसं करू.

आता अनुभवातून शिकवायचं तर अनुभव हवेत. बायांकडं ते पोत्यानं होते, पण सरांना पसंत पडेनात. केवळाबाईंची भाषा गावंढळ. दिलशाद बोलायला लागली की कुठं वाहवत जाईल, सांगता येत नाही. मग सरांनी स्वतः बसून छान शुद्ध मराठीत अनुभव रचले आणि वाटून दिले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण सरांनी कोरडा पोहरा ओढून ओढून भरल्यासारखा दाखवला. पहिल्या बाळंतपणाचा अनुभव वर्गातल्या आरतीला मिळाला, कारण तिचे उच्चार स्वच्छ होते. आठवडाभर तालीम चालली.

पाहणीच्या दिवशी सिद्धम्मा बाई आप्पासाहेबांशेजारी मागच्या बाकावर बसल्या. आरती उठली आणि कळा, घाम, पहिलं रडणं, सगळं न अडखळता म्हणून मोकळी झाली. बाईंनी मायेनं विचारलं, बाळ केवढं झालं आता?

आरती बिचारी खरं बोलणारी. "मॅडम, लग्न न्हाई झालं माझं. हा अनुभव सरांनी दिलाय."

वर्गात कुणी हसलं नाही. हसायचं की नाही, हेही सरांनी सांगितलेलं नव्हतं. सिद्धम्मा बाईंनी वर्गाला विचारलं, मग कुणाकडं स्वतःचा काही आहे का? दिलशाद सिस्टर अर्ध्या उठल्या. एवढी मोठी बाई, पण आधी तिनं सरांकडं बघितलं. "सर, माझा सांगू का?"

"खाली बस," सर सवयीनं म्हणाले.

सिद्धम्मा बाई म्हणाल्या, "तुम्ही बोला, सिस्टर."

दिलशाद सिस्टरांनी पदर सारखा केला. "मॅडम, मला शिकवलं ते वरडून, सगळ्यांसमोर पाणउतारा करून. मी बी तसंच करते. कळा देणाऱ्या बायांवर लई वरडते मी. एकदा एक पोरगी मला इतकी भ्याली, की रगत जाऊन राहिलं तरी बोलली न्हाई. वाचली ती. पण ते वरडणं मला सोडायचंय, म्हणून या वयात शिकायला आले. हितं आल्यापास्नं तर वॉर्डात जास्तच वरडून राहिले."

एवढं ऐकून तरी माणसानं गप्प बसावं. पण हातातोंडाशी आलेली खुर्ची निसटताना दिसत होती, आणि सरांना गप्प बसणं कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं. "दिलशाद, हे अभ्यासक्रमात नाही. मुद्दा क्रमांक चार म्हण. प्रौढांना काय हवं असतं?"

दिलशाद सिस्टर मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मान, सर."

"शाबास. बस खाली," सर म्हणाले आणि उत्तर बरोबर आलं म्हणून मोठ्या आशेनं आप्पासाहेबांकडं बघू लागले.