पंपावरचा पडदा
पेट्रोलमध्ये भिजलेल्या फडक्याचा वास आला, की मला निजामाच्या अमलातली, मी मॅट्रिकच्या परीक्षेला निघाले होते ती दुपार आठवते. औरंगाबादची रेल्वे बदनापूरहून सुटायची आणि आमची मोटार अलीकडच्या माळावर आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं नि म्हणाला, "पंप तापला, बाई. आतल्या पेट्रोलची वाफ होऊन राह्यली, इंजिनाला पोचत न्हाई. जाड ओलं कापड गुंडाळलं तर जल्दी थंड होईल." रेल्वे चुकली तर परीक्षा बुडणार आणि त्याच वर्षी घरचे मला बोहल्यावर उभं करणार, हे ठरलेलं होतं. मी खिडक्यांचा जाड पडदा ओढून काढला. "अगं, बायकांची गाडी बिनपडद्याची न्यायची का?" सोबत आलेल्या आत्याबाई ओरडल्या. "मंग इथंच बसायचं का पडद्यात?" असं म्हणून मी सुरईतलं सगळं पाणी त्यावर ओतलं. पंपाला तो गुंडाळल्यावर काही वेळानं इंजिन सुरू झालं. पडदा तिथंच राहू दिला. बदनापूरच्या बाजारातून आम्ही उघड्या खिडक्यांनी गेलो; दुकानदार तागडी हातात धरून बघत राहिले. रेल्वे अजून उभी होती. मला डब्यात ढकलून मागोमाग चढताना आत्याबाई म्हणाल्या, "आता पास हो बराबर. न्हाई तर माझं तोंड गावाला फुकट दिसलं." मी पास झाले. आता मुलींच्या शाळेत शिकवते, आणि परीक्षेला कुणी उशिरा धापा टाकत आली, की कारण न विचारता आधी तिला बाकावर बसवते.