पक्षी नसलेली होडी

सतरा वर्षं पायदळात काढून मी हवालदार म्हणून मुरगूडला घरी परतलो. आठ महिन्यांत बायको वैतागली. दारात पोस्टमन आला तरी मी आधी त्याचे हात बघायचो, मग तोंड. सरहद्दीवर लागलेली ही खोड पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. व्यापारी जहाजांवर चाच्यांपासून राखण करायला माजी सैनिक घेतात, असं कळलं तेव्हा तीच म्हणाली, "जावा की. तितं तुमच्या संशयाला पगार तरी मिळंल."

टीम चौघांची. टीम लीडर दस्तगीर मुल्ला, गडमुडशिंगीचा, नेव्हीतून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला. समुद्र त्याला घरच्यासारखा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "हवालदार, पवता येतंय न्हवं?"

"वेदगंगेत पवलोय."

"मग डेकवरच ऱ्हावा."

एडनच्या आखातात शिरल्यावर रूटीन ठरलेलं. चार तास वॉच, चार तास विश्रांती. कठड्याला काटेरी तार, हातात दुर्बीण, कमरेला वॉकीटॉकी. चाच्यांची खूण म्हणजे शिडी. कठड्याला आकडा अडकवून वर चढायला ती लागतेच. मी प्रत्येक होडीत शिडी शोधायचो आणि दिसली नाही, तर लपवली असेल असं धरून चालायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दोन होड्या सरळ आमच्या अंगावर सुटल्या. वेग चांगला होता. मी रायफल खांद्याला लावली.

"मुल्ला, फायर करू?"

"थांबा. मासं धरणारी माणसं हाईत ती."

"कशावरनं?"

"फुडं बगा, त्यांच्या जाळ्याचे बोये तरंगाय लागल्यात. आपलं जहाज जाळ्यावरनं जाणार, म्हणून आडवी येत्यात. हितली रीतच हाय ती."

तेवढ्यात होडीतल्या एकाने भलामोठा मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मी मच्छीमार आहे, गोळी घालू नका, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्यामागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करत होता. कॅप्टनने जहाज वळवलं, होड्या मागे फिरल्या. माझं बोट अजून ट्रिगरवरच होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं.

दुपारी मेसमध्ये मुल्ला म्हणाला, "हवालदाराच्या तावडीतनं आज त्यो मासाबी वाचला." अख्खी मेस हसली. स्वयंपाकीसुद्धा. मीही हसलो, पण मनातून पार खजील झालो. मुल्लाने ते ओळखलं असावं. बाहेर आल्यावर त्याने खांद्यावर हात टाकला. "संशय सोडू नगासा. फकस्त आदी मला सांगा, दोगं मिळून बगू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला माझाच वॉच होता. उजव्या बाजूने एक होडी आली. चौघे जण, मध्ये ताडपत्री. एकाने उठून मासा डोक्यावर धरला. मीही हात वर केला.

मग मला खटकलं. मासा होता, पण होडीवर एकही पक्षी नव्हता. आदल्या दिवशी जाळ्यातल्या माशांच्या वासाने ते आभाळ भरून होते.

मुल्ला जहाजाच्या मागच्या टोकाला काटेरी तार तपासत होता. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. "हवालदार, होडी कसली? ओव्हर."

"मासं धरणाऱ्यांची. मासा दावलाय. ओव्हर."

"काय संशय?"

मी पक्ष्यांचं सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग मेस आठवली. हवालदार आता पक्षी मोजाय लागले, असं कोणीतरी म्हणणार, हे मला आधीच ऐकू आलं.

"न्हाय," मी म्हणालो. "ओव्हर अँड आउट."

माझ्या शब्दावर मुल्ला पाठ फिरवून पुन्हा तारेला लागला. दोन मिनिटांत ताडपत्री उडाली. खाली शिडी होती आणि रायफली. पहिलीच फैर मागच्या टोकावर आली. आम्ही तिघांनी फायर केला. शिडीचा आकडा कठड्याला लागला नाही आणि होडी पळाली. चकमक सहा मिनिटं चालली.

मुल्लाच्या मानेत गोळी होती. मी दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. त्याला बोलता येत नव्हतं. हेलिकॉप्टर पाच वीसला आलं. तो पाचलाच गेला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, होडीत संशयास्पद काही आढळलं नाही. खाली माझी सही आहे. कोणीही मला दोष दिला नाही.

मुल्लाचं नाव कुठल्या हुतात्मा स्मारकावर नाही. तो पडला तेव्हा अंगावर सरकारी वर्दी नव्हती. महिन्याभराने मी गडमुडशिंगीला गेलो. त्याचे अब्बा शिलाई मशीनवर बसले होते. "या पावणं," म्हणाले. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले.

"तुमीच व्हय हवालदार? दस्तगीर फोनवर सांगायचा, लई संशयी गडी हाय. त्यो वॉचला असला की म्या बिनघोर पाठ फिरवतो."

चहा आला. मला तो घेववेना. मी म्हणालो, "अब्बा, होडीवर पक्षी नव्हते." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "दिसलंतं तुला. मग बोलला का न्हाईस?"

"हसत्याल म्हणून," मी म्हणालो.