टपालमामांच्या पत्रातले माझे कंस

फोन आला तेव्हा मी एका मुलीचा डी.एड.चा फॉर्म भरत होते. पलीकडून सुमन बोलत होती, मामांची सून. "ताई, मामंजी गेले हो... सकाळी चहा घेतला, मला पेपर वाचायला लावला, अन् ऐकता ऐकताच..." मी फोन ठेवला आणि समोरच्या मुलीला विचारलं, "आडनाव?" तिनं सांगितलं, मी टाइप केलं, फॉर्म पुरा केला, छापून तिच्या हातात दिला. रडू आलं ते त्यानंतर. हातातला कागद संपल्याशिवाय उठायचं नाही, हे मला मामांनीच शिकवलं होतं. त्यांच्या जाण्याच्या बातमीनंही मी उठले नाही, याचं आता पाच-सहा आठवड्यांनी नवल वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

त्यांचं नाव किसनराव. पण वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांत नि तांड्यांवर सगळे त्यांना टपालमामाच म्हणत. फाट्यापासून कोसभर आत त्यांचं गाव, आणि तिथलं टपाल कार्यालय त्यांनी नोकरीभर एकट्यानं सांभाळलं. पत्रं वाटण्यापेक्षा लिहिण्याचंच काम जास्त. तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेली, की मागे राहिलेल्या बाया मामांच्या ओसरीवर येऊन बसत. त्या सांगत, मामा लिहीत. एकदा एका बाईनं नवऱ्याला तासभर शिव्या सांगितल्या. मामांनी एकही न गाळता उतरून घेतल्या, तिला वाचून दाखवल्या, आणि ती "आणखी एक राहिली" म्हणाली तेव्हा तीही समासात घातली. "लिहिणाऱ्याला तोंड नसतं, माय," ते मला म्हणायचे, "कान अन् हात, बस. दुसऱ्याच्या चिठ्ठीत आपला शब्द घालणं म्हंजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं." हा त्यांचा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि नेमका तोच मी मोडला.

फाट्यावर आमचा एसटीडी बूथ होता. आमचे मालक ट्रकवर, म्हणून बूथ माझ्या गळ्यात. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि जो तो म्हणत होता, आता बघा कसं सगळं बदलतं! आमच्यापुरतं बदललं ते एवढंच, की बूथमध्ये एक जुना कॉम्प्युटर आला आणि पाटीवर 'इंटरनेट' हा शब्द वाढला. लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. बी.ए. अर्धवट सुटलं, पण ती एक विद्या बोटांत राहिली होती. मामा तेव्हा नुकतेच रिटायर झालेले, काचबिंदूनं नजर अधू झालेली. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या गावच्या एकानं त्यांना सांगितलं, की मराठी वाचणाऱ्यांचा एक गट आहे, ई-मेलवर चालतो. एकानं लिहायचं, सगळ्यांना पोचतं. मामा त्याच्यावर जवळजवळ चिडलेच. "एकच चिठ्ठी, अन् घरोघर जाते? तिकीट बी न्हाई? अन् हे तू मला आत्ता सांगून राहिलास?"

मग दर शनिवारी, लाईट असली तर सकाळी आणि नसली तर लाईट येईल तेव्हा, मामा काळी-पिवळी जीपमधून फाट्यावर उतरायचे. डोक्याला टोपी, खांद्याला टपालाची जुनी खाकी थैली. स्टुलावर बसायचे, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरायचे आणि सांगायला लागायचे. फोनची लाईन इंटरनेटला लागली की बूथचा फोन बंद व्हायचा आणि बाहेर ड्रायव्हर लोक ओरडायचे, "भाभी, फोन कब छूटेगा?" मामा आतून ओरडायचे, "सबर करो, अमेरिका चालू हाय!" खरंच गटात अमेरिकेचे दोघे-तिघे होते. बाकी नाशिक, सांगली, नागपूर... कुठकुठले लोक. कुणी नवं पुस्तक वाचलं की त्यावर लिहायचं, निवडणूक आली की भांडायचं, आणि मध्येच कुणीतरी लिहायचं, 'आज मुलगी सासरी गेली, घर खायला उठलं आहे.' मग पुस्तकं-बिस्तकं बाजूला पडायची आणि सगळे त्या घरात जाऊन बसल्यासारखे बोलायचे. पुस्तकं टपालानं एकमेकांना फिरत असत. कमी तिकिटात जाणाऱ्या बुकपोस्टचं पाकीट दोन्ही टोकांना कसं उघडं ठेवायचं, हे गटाला मामांनी एका पत्रात शिकवलं. नाशिकच्या एक निवृत्त प्राध्यापिका तो गट चालवायच्या. त्यांनी मामांच्या त्या पत्राला उत्तर लिहिलं, की मला आजवर इतकं उपयोगी समीक्षण वाचायला मिळालेलं नाही.

मामांसाठी आलेली पुस्तकं आधी बूथवर यायची, म्हणजे आधी मीच वाचायची. मोहात पडायला माणसाला आणखी काय लागतं? एका शनिवारी मामा घरी वाचून घेतलेल्या एका कादंबरीवर सांगत होते. तिच्यातली बायको शेवटी घर सोडून जाते. मामांनी सांगितलं, "लिही... बाई उतावीळ निघाली. संसार असा मोडत नसतो." मी लिहिलं. माझ्या बोटांनी थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाहीत. त्यांनी एक कंस उघडला आणि लिहिलं, '(हे पत्र टाइप करणारीनंही पुस्तक वाचलं आहे. तिला वाटतं, त्या बाईनं निघायला दहा वर्षं उशीर केला.)' कंस बंद केला नि पत्र पाठवूनही दिलं. मामांना वाचून दाखवताना मात्र तेवढा कंस गिळला. वर प्रिंटरनं कर्रर्र करत जी प्रत काढली, ती नेहमीसारखी घडी करून त्यांच्या थैलीत ठेवली. यांना कुठं वाचता येतंय, आणि पाठवून झालेली चिठ्ठी घरी परत कोण वाचून घेतं, असा माझा हिशेब! तो आठवला की आजही कान गरम होतात.

एकदा चव लागली ती लागली. बाईला सरपंच केलं तरी सही नवऱ्याचीच, हे सगळं नाटक आहे, असं मामांनी सांगितलं. मी कंसात लिहिलं, '(नाटक खरं. पण सभेत खुर्ची तिच्या नावानं ठेवावी लागते. खुर्ची यंदा, सही पुढच्या खेपेला.)' बायकांनी राजकारणावर बोलू नये, पुरुषांनी स्वयंपाकावर, असं त्यांनी एकदा सांगितलं तेव्हा तर माझा कंस त्यांच्या पत्रापेक्षा लांब झाला. मामांची मतं दिवसेंदिवस अशी का होत चालली आहेत, याचं मला वाईट वाटायचं. एरवी इतका समंजस माणूस, आणि सांगायला बसला की हे काय! सात-आठ महिने हे चाललं. मग एका शनिवारी, मामा स्टुलावर बसलेले असताना, मी आलेली पत्रं त्यांना वाचून दाखवायला लागले आणि एरवी कंसांचे उल्लेख गाळणारी मी नाशिकच्या बाईंचं पत्र भरात अर्ध्यापर्यंत वाचून बसले. 'किसनराव, तुमच्या पत्रांची वाट पाहतोच. पण खरं सांगू, त्यातल्या कंसांची जास्त पाहतो...'

मी घाईनं पुढचं पत्र उघडायला लागले. मामा म्हणाले, "वाच की. काहून थांबलीस?" मी वाचलं. दुसरं काय करणार? ते काठी टेकत उठले, थैली खांद्याला लावली, जीपकडे निघून गेले. मी मागं धावले, "मामा, चुकले हो..." तोवर जीप सुटली होती.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या घरी जावं असं रोज ठरवायची आणि पाय उचलायचा नाही. इकडे गटात विचारणा सुरू झाली, 'वारंग्याचं पत्र का नाही? मामांची तब्येत बरी आहे ना?' उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोण होतं? तिसऱ्या आठवड्यात मी यंत्रासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. 'माझं नाव ज्योती. मामा बरे आहेत, पण माझ्यावर रागावले आहेत. कंस माझे होते. एका माणसाच्या विश्वासात मी माझी मतं घुसडली, याची मला लाज वाटते. मतांची मात्र वाटत नाही.' शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा परत लिहिलं. त्या पत्राला जेवढी उत्तरं आली, तेवढी माझ्या लग्नात माणसं नव्हती.

त्याच्या पुढच्या शनिवारी मामा उतरले, जसं काही झालंच नव्हतं. माझ्या पत्राची खबर त्यांना पुण्याच्या त्या गावकऱ्यानं दिली होती, हे मला मागाहून कळलं. स्टुलावर बसले. म्हणाले, "एका पाकिटात दोघांच्या चिठ्ठ्या चालत न्हाईत, माय. तुझा पत्ता येगळा कर. अन् आता लिही... ज्योतीबाईंच्या पत्रास उत्तर." आणि मला, माझ्याच हातानं, माझ्याविरुद्ध पत्र टाइप करायला लावलं! पुढं कितीक वर्षं हे चाललं. मी माझ्या नावानं लिहायचं, मामांनी शनिवारी येऊन ते खोडून काढायचं, आणि ते खोडणं मीच दात-ओठ खात टाइप करायचं. 'बाईंना शेतीतलं काही कळत नाही,' असं वाचून दाखवलं की ते मला अडवत. "'काहीच' म्हणलो होतो मी. 'काही' न्हाई." मी 'च' घालायची. गटात नवीन आलेल्या लोकांना वाटायचं की आम्ही दोन वेगवेगळ्या गावांत बसून भांडतो आहोत. मधल्या काळात मी अर्धवट बी.ए. पुरं केलं. गटातल्या एका सभासदानं मला त्याची सगळी जुनी पुस्तकं पाठवली होती, टोकं उघडी ठेवून.

एक गोष्ट मात्र राहिली. माफी मी मामांजवळ कधी नीट मागितलीच नाही आणि त्यांनी तो विषय कधी काढला नाही. ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या चिठ्ठीत आपला शब्द घातला नाही, त्याच्याच चिठ्ठीत मी घातला. त्यांनी ते पोटात घातलं, की नुसतं पोटात ठेवलं... हे मला कळलं नव्हतं. ते गेल्यावर हेच डोक्यात घोळायला लागलं. आता विचारायचं कुणाला?

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. सुमननं ती खाकी थैली आणून माझ्यापुढं रिकामी केली. आम्ही पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत तिच्यात होती. मी पहिलं पान उलगडलं. माझ्या पहिल्या कंसाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. दुसऱ्याखाली, तिसऱ्याखाली... सगळ्यांखाली.

"या रेघा कुणी मारल्या?" मी विचारलं.

"मीच. ते सांगायचे, मी मारायचे," सुमन म्हणाली. "शनिवारी घरी आले की आधी मला वाचायला बसवायचे. म्हणायचे, 'आज असं काही बोलून आलोय ना, ती गप बसायची न्हाई. बघ बरं, काय लिवलंय!' अन् मी कंस वाचला की हसून हसून ठसका लागायचा त्यांना."

"पहिल्यापासून माहीत होतं?"

"व्हय तर. सरपंचाचं ते मुद्दाम बोलले होते. स्वयंपाकाचं बी. घरात तर भाकरी तेच थापायचे की, मला बरं नसलं म्हंजे."

"मग रागावून आले का नाहीत तीन आठवडे?"

सुमन हसली. "मी बी तेच म्हणत व्हते, जावा की, काहून बसून राहिले? तर म्हणले, 'मी गेलो की ती माझंच टाइप करत बसंल. तिचं तिला लिहू दे.' रोज दाराशी बसून तकलीफ करून घ्यायचे अन् जायचे मात्र न्हाईत."

मी ती पानं मांडीवर घेऊन बसले. हसू की रडू ते समजेना, म्हणून दोन्ही केलं. नियम मी एकटीनं मोडला नव्हता तर. आपल्या चिठ्ठीत आपलं नसलेलं मत घालून, मामांनीही तो माझ्या पाठोपाठ मोडला होता.

निघताना सुमन म्हणाली, "ताई, गटातल्या लोकांना माझ्याकडून काही कळवायचं व्हतं. मी सांगते, तुमी लिवा." मी 'सांग' म्हणणारच होते. म्हणाले, "शनिवारी फाट्यावर ये." ती आली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. ती एका बोटानं एकेक अक्षर शोधत होती, चुकत होती, पुसत होती, माझ्याकडे बघत होती. माझे हात नुसते शिवशिवत होते. ते मी मांडीखाली दाबून धरले. पाऊण तासानं तिची ओळ झाली. 'मी किसनमामांची सून सुमन. मामांची सगळी पत्रं इतकी वर्षं घरात मोठ्यानं वाचली ती मी. आता मला बोलायचं आहे.'