डोंगर उजव्या हाताला

प्रदक्षिणा घालताना रस्ता चुकलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे आणि त्याची दाढी मी रोज सकाळी करतो.

खरं तर प्रदक्षिणेत चुकण्यासारखं काही नसतंच. जिथून निघालो तिथेच परत यायचं! सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माझ्या इंदूआत्याला त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी घालायची होती. नवस बोलून तिला कैक वर्षं झाली होती, तो फळलाही होता, पण फेडायचा राहून गेला होता. त्यात डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरून, "आजी, पुढच्या वर्षी जिनासुद्धा जपून चढा," असं सांगितलं. आत्याने ठरवलं, याच श्रावणात, आणि तीही अनवाणी.

"नवस अंगावर ठेवून मेले, तर वर काय तोंड दाखवू?"

"पण नवस होता कसला?" मी विचारलं.

"फेडल्याशिवाय सांगायचा नसतो."

झालं! मला चौकशीची खोड लहानपणापासून आहे. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, हिच्या मते ती खोड नव्हे, आजार.) नवस कळायचा तर फेरी पूर्ण व्हायला हवी, म्हणून सगळी व्यवस्था मीच अंगावर घेतली. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अख्खं नाशिक फेरीला लोटतं. पुढच्याच्या टाचा बघत वीस किलोमीटर चालण्यात काय राम? मी बुधवार निवडला.

"अहो, बुधवारी वाट कोण दाखवणार?" सुनंदा म्हणाली.

"वाट कशाला हवी? डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत राहायचं. साधा भूगोल आहे!"

भूगोल म्हटल्यावर आत्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

सकाळी कुशावर्तावर अंघोळी करून सहाला निघालो. धुकं असं, की आत्याची काठी ऐकू यायची, आत्या दिसायची नाही. गाव मागे पडलं, डांबरी सडक सुटली आणि एका ठिकाणी दोन पायवाटा फुटल्या. एकीच्या उजवीकडे धुक्यात काहीतरी काळंकभिन्न उभं होतं. "हा काय डोंगर!" असं म्हणून मी ती वाट धरली.

थोड्या वेळाने एक घर लागलं. दारात पिवळं पिंप, गळ्यात लाल चिंधी बांधलेला बोकड आणि पडवीत तांदूळ पाखडत बसलेली बाई.

"कुठं चालल्या, बाय?"

"फेरीला," आत्या म्हणाली.

"जा, जा. पानी पिऊन जा."

पाणी प्यालो, निघालो. तासाभराने पुन्हा एक घर लागलं. दारात पिवळं पिंप! लाल चिंधीवाला बोकड! मी ताबडतोब वही काढली. (अशा प्रवासात नोंदी कराव्यात, या मताचा मी आहे.)

"सुनंदा, बघ, इकडे प्रत्येक वस्तीवर पिवळं पिंप ठेवायची पद्धत दिसते. आणि चिंधी बहुतेक दृष्ट लागू नये म्हणून. यावर अजून कुणी लिहिलेलं नाही!"

"आणि बाईचं लुगडंही सगळीकडे तेच का हो?"

"आश्चर्य म्हणजे, हो!" मी तेही लिहून घेतलं. बाईने या वेळी वहीकडे बघत पाणी दिलं.

तिसऱ्या घरी तर बोकडच आम्हांला सामोरा आला. बाईने सूप खाली ठेवलं.

"दादा, राग नका मानू. पर या टेकडीला कसला नवस हाय?"

"टेकडी? अहो, हा ब्रह्मगिरी!"

बाई इतकी हसली की तिला पडवीचा खांब धरावा लागला. नेमकं तेव्हाच धुकं फाटलं. माझ्या उजव्या हाताला एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर एक म्हैस चरत होती आणि तिचं शेपूट हललेलं खालून दिसत होतं. ब्रह्मगिरी आमच्या पाठीमागे, निम्मं आभाळ अडवून उभा होता.

"मगाशीच सांगनार होते," बाई डोळे पुसत म्हणाली, "पर तुमी वहीत लिवत होते. म्हनलं, सरकारी काम असंल."

सुनंदाही हसायला लागली. आत्या मात्र हसली नाही. ती पडवीत बसून तळव्यातला काटा काढत होती आणि पाय सुजले होते. मला फार लाज वाटली. तिच्या गुडघ्यांत जे काही चालणं उरलं होतं, ते मी एका म्हशीभोवती खर्च केलं होतं.

"आत्या, एसटीने परत जाऊ," सुनंदा म्हणाली.

"नाही. पहिल्यापासून चालायचं."

"अगं, दोन फेऱ्या झाल्यात," मी म्हणालो. "देव त्यातली एखादी धरून घेईल की!"

"देवाला डोंगर ओळखता येतो, दिलीप."

बाईचं नाव हिराबाई. तिने दाराला कडी घातली. "चला आजी, मी येते संगं."

"बरोबर! डोंगर उजव्या..." मी सुरुवात केली.

"तुमी मागं ऱ्हावा, दादा."

मी मागे राहिलो. आत्या हिराबाईच्या खांद्यावर हात टाकून चालली, बसली, पुन्हा उठली. मी सगळ्या पिशव्या घेऊन हिराबाईच्या टाचा बघत वीस किलोमीटर चाललो. दिवेलागणीला कुशावर्त आलं. आत्याने पाण्यात पाय सोडले, हात जोडले आणि रडली. मलाही भरून आलं. पण खोड ती खोड!

"आत्या, आता तरी सांग. नवस कसला होता?"

तिने पदराने डोळे पुसले. "तू दहावीला होतास. तुझ्या बापाने आशा सोडली होती. मी देवाला म्हटलं, एवढा भूगोलात पास होऊ दे, फेरी घालीन."

सुनंदाने तोंडाला पदर लावला. हिराबाईने लावला नाही.

"देवाने ऐकलं, म्हणून फेडला," आत्या म्हणाली. "पण आज सकाळी वाटलं, देवाने त्या मास्तरांना उगीच भीड घातली."

मला भूगोलात पस्तीस मार्क पडले होते. इतकी वर्षं मी ते माझे समजत होतो.