चिकूबाईंची फुली

डहाणूपासून तलासरीपर्यंत टीव्ही विकणाऱ्यांना दोन गोष्टींची धास्ती असे. एक ऑनलाइन सेलची आणि दुसरी चिकूबाईंची. सेल निदान सणासुदीला सांगून येई, चिकूबाई कधीही येत. दुकानात शिरल्या की पिशवीतून घोलवडचा पिकलेला चिकू काढून टीव्हीसमोर ठेवत, पेन ड्राइव्ह विक्रेत्याच्या हातात देत आणि म्हणत, "तुमचे पोपट आणि धबधबे बंद करा. माझा चिकू लावा." त्या पेन ड्राइव्हवर त्यांनी स्वतः मोबाइलवर घेतलेलं चित्रण असे: फांदीवरचे चिकू, त्यांचा स्वतःचा तळहात आणि नरपडच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन, तेही दिवेलागणीचं. मग त्या एकदा हातातल्या चिकूकडे बघत, एकदा पडद्याकडे. "पोपट कुणीही हिरवा दाखवेल हो. चिकूचा रंग दाखवायला अक्कल लागते," असं त्यांचं म्हणणं होतं.

खरं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. तलासरीच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी डहाणूत आमच्याच आळीत, एकट्याच राहायच्या. मी तलासरीला सरकारी कचेरीत नोकरीला, त्यामुळे सकाळच्या एसटीत आमची गाठ पडे. बाईंना तलासरीला काय काम, तर कुणाचा तरी टीव्ही. जुन्या विद्यार्थ्याचा, विद्यार्थ्याच्या सासूचा, नाहीतर सासूच्या शेजारणीचा. मोबदला म्हणाल तर चहा. तोही बिनसाखरेचा, आणि कपाला कान असलाच पाहिजे अशी अट.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा दुकानात गेले ते निव्वळ गंमत बघायला. तलासरीच्या हायवेलगतच्या दुकानातल्या शेठनी मोठ्या उत्साहाने भिंतभर टीव्ही लावून दाखवला. "बेन, हा तर फोर-के छे! पिक्चर एकदम कडक!"

"कडकच आहे, शेठ," बाई म्हणाल्या. "चिकू कच्चा दिसतोय."

मग रिमोट घेऊन त्या सेटिंगमध्ये शिरल्या आणि भडक रंगांचं जे काही दुकानासाठी लावलेलं असतं ते काढून त्यांनी चित्र साधं केलं. याला त्या 'तोंड धुणं' म्हणत. "दुकानातला टीव्ही नवरीसारखा नटलेला असतो. संसार धुतलेल्या तोंडाशी करायचाय." तोंड धुतल्यावर निम्मे टीव्ही ओळखू येत नसत. शेठ मान हलवत हसत राहिले. मला वाटतं, त्यांनाही बाई आवडत असाव्यात, कारण त्या गेल्यावर तो चिकू तेच खात.

बजेट त्या एकदाच विचारत, तेही घरी, आणि मग त्यावर कधीही बोलत नसत. "आकडा मला सांगा, दुकानदाराला नाही. आणि सांगताना मान खाली घालू नका. चौकट असल्याशिवाय चित्र काढता येतं का?" एकदा पाड्यावरचा त्यांचा जुना विद्यार्थी बायकोला घेऊन आला. त्याला मोठा फोर-के हवा होता, शेजाऱ्याने घेतला म्हणून. बाईंनी विचारलं, "डिशच्या छत्रीवर काय दिसतं रे तुझ्या?" तो म्हणाला, "फुकटवाले चॅनल, बाई. आन् लाइट सारखी जाते-येते." बाई म्हणाल्या, "नळाला करंगळीएवढं पाणी आणि तू शॉवर बसवतोयस." त्याला त्यांनी लहानसा फुल एचडी घ्यायला लावला, वर स्टॅबिलायझर, आणि सर्व्हिसवाला तलासरीत येईल असं शेठकडून बिलावर लिहून घेतलं. खोक्यावर 'एचडी रेडी' वाचून, तोच फुल एचडी समजून हुरळणाऱ्यांना त्या सांगत, "एचडी रेडी म्हणजे साखरपुडा. लग्न झालंय असं समजू नका."

पण त्यांचं खरं काम दुकानाच्या आधी, घरी होई. ते बघून मी दरवेळी चकित होत असे. टीव्हीच्या मापाची वर्तमानपत्राची पानं जोडून त्या भिंतीवर चिकटवत. मग घरात जो सर्वात जास्त वेळ टीव्ही बघणार, त्याच्या जागेवर स्वतः बसून बघत. दुपारचं ऊन कुठून येतं, वरचा पंखा आड येतो का, आजींना ऐकू किती येतं, सगळं. शेवटी त्या माणसाच्या हातात लाल खडू देत आणि म्हणत, "कागदाच्या मधोमध फुली मारा." लोकांना वाटे, बाईंची शाळा अजून सुटली नाही. बाई म्हणत, "भिंत कशाला मोजायची? माणूस मोजायचा. डोळा आपोआप मध्यावर जातो. नाही गेला तर काहीतरी चुकलंय, आणि ते टीव्ही आणण्याआधी कळलेलं बरं."

त्या फुलीने आमच्या घरात काय केलं, ते सांगते.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत होते. सिग्नलच्या केबिनमध्ये उभी हयात गेली. रुळांवर नजर ठेवणारा माणूस, त्यामुळे घरातलंही काही नजरेतून सुटत नसे. त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात-पाय हळूहळू सावरला, काठी टेकत चालू लागले, बोलणंही साफ होतं. पण माणूस बदलला. ताटातलं अर्धं जेवण टाकून उठायचे. डाव्या गालावरची दाढी तशीच राहायची. जुना टीव्ही लावला तर 'काही कळत नाही यात' म्हणून तोंड फिरवायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे दादाशी त्यांनी बोलणं टाकलं. दादा माझा थोरला भाऊ, वापीला कंपनीत आहे. त्याने तिकडे घर केलं ते अण्णांना रुचलं नव्हतं, आणि झटका आला त्या दिवशी नेमका त्याचा फोन लागला नव्हता. दर रविवारी तो येई, दाराजवळच्या खुर्चीवर, अण्णांच्या खाटेशेजारी बसे आणि हाक मारे. अण्णा मान वळवत ती उजवीकडे, खिडकीकडे. दादा पुन्हा हाक मारी. अण्णा खिडकीबाहेरच बघत. आईच्या डोळ्यांत पाणी येई. आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं की अण्णांनी मुलाला टाकलं. दादाने तर त्याचं एकच औषध ठरवलं, मोठा टीव्ही. पंचावन्न इंची. "क्रिकेट बघतील तरी. माझ्याकडे नाही बघितलं तरी चालेल," असं तो मला म्हणाला. त्याच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून मी चिकूबाईंना बोलावलं. म्हटलं, निदान कर्ज काढू देणार नाहीत.

बाई आल्या. आईशी बोलल्या, कान असलेल्या कपातून चहा प्यायल्या, दादाकडून आकडा विचारून घेतला. त्यावर त्याला एकदाच म्हणाल्या, "ह्या चौकटीत पंचावन्न बसत नाही." तरीही त्याच्या समाधानासाठी तेवढा मोठा कागद जोडून खाटेसमोरच्या भिंतीवर लावला आणि अण्णांच्या हातात खडू दिला.

अण्णा काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी फुली मारली. कागदाच्या उजव्या कडेला, अगदी काठावर.

दादा उठून उभा राहिला. "अण्णा, मुद्दाम करताय ना? मी आणतोय म्हणून?"

"तू थांब जरा," बाई त्याच्यावर डाफरल्या. मी त्यांना इतक्या कडक आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी लहान कागद लावला. अण्णांनी पुन्हा मन लावून, एक डोळा बारीक करून, उजव्या कडेला फुली मारली आणि समाधानाने मागे सरकले. केबिनमधलं काम चोख करून आल्यासारखे.

बाईंनी पिशवीतून चिकू काढला. अण्णांच्या डाव्या बाजूला उभ्या राहून त्यांच्या नाकाजवळ धरला. अण्णा हलले नाहीत. बाईंनी चिकू सावकाश त्यांच्या तोंडासमोरून उजवीकडे नेला. एकदम अण्णांचा चेहरा उजळला. "अरे वा, चिकू! कुठून आला?"

"डावीकडून आला, अण्णा."

"डावीकडे काय आहे?" अण्णांनी विचारलं. अगदी सरळपणे, खरोखर माहीत नसल्यासारखं.

आईने पदर तोंडाला लावला. अर्धं ताट, अर्धी दाढी, खिडकीकडे वळणारी मान, सगळं एकाच वेळी माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि कळलं की ते अर्धं नेहमी डावंच होतं. दाराजवळची खुर्चीही डावीकडेच होती.

बाई दादाकडे वळल्या. आता त्यांचा आवाज मऊ होता. "हा रुसवा नाही, बाळा. तू बसतोस ती बाजूच त्यांच्याकडे नाही. हाक ऐकू येते, पण माणूस सापडत नाही, म्हणून खिडकीत शोधतात." मग त्यांनी ती खुर्ची उचलली आणि खाटेच्या उजव्या अंगाला नेऊन ठेवली. "इथे बस. आणि बोल."

दादा तिथे बसला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू? वापीहून कधी आलास? किती दिवस झाले रे, एक चक्कर नाही." दर रविवारी आलेला माझा भाऊ अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

"तुम्हाला कसं कळलं हो?" मी बाईंना दारात विचारलं. त्या चपला शोधत म्हणाल्या, "जन्मभर पोरांचे कागद तपासले. कुणी कागदाची एक बाजू कोरी सोडली की माझं लक्ष आधी तिथे जातं. पण मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. उद्याच्या उद्या नेऊन दाखवा." डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठीक होते. झटक्यानंतर कधीकधी मेंदू एका बाजूची दखलच घेत नाही, असं त्यांनी समजावलं. सराव केला तर फरक पडू शकतो, आवडीच्या गोष्टी थोड्याथोड्या डावीकडे ठेवत जा म्हणजे ते शोधायला लागतील, असंही सांगितलं.

आवडीची गोष्ट म्हणजे क्रिकेट. म्हणजे टीव्ही. बाईंनी ते काम अंगावर घेतलं. मधल्या मापाचा, फुल एचडी, आवाज पुढून स्वच्छ येणारा. दुकानात त्या टीव्हीसमोर उभ्याच राहिल्या नाहीत, एकदा या कोपऱ्यातून आणि एकदा त्या कोपऱ्यातून तिरक्या बघत होत्या. "अण्णा बरेच दिवस तिरकेच बघणार. तिरकं बघून चिकू काळवंडला तर तो टीव्ही नको." शेठ भिंतीवर लावायचा स्टँड फुकट देत होते. बाईंनी तो परत केला आणि चाकांचं टेबल घ्यायला लावलं.

त्या चाकांचं मर्म मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी टीव्ही खाटेच्या पार उजवीकडे, खिडकीखाली. दादाची खुर्ची त्याच्याच बाजूला. मग दर रविवारी बाई चिकू घेऊन येत, गप्पा मारतामारता टेबलाला पायानेच डावीकडे ढोसत, आणि दादाला डोळ्यांनी खूण करत. तोही खुर्ची तेवढीच सरकवे.

"हा टीव्ही सरकतो का गं?" अण्णा आईला विचारत.

"भरतीने सरकला असेल," बाई म्हणत. "समुद्र जवळ आहे ना."

अण्णा कुरकुरत. सामना ऐन रंगात आला की टीव्ही हरवायचा, आवाज यायचा आणि चित्र सापडायचं नाही. आई कळवळून म्हणे, राहू दे त्याच जागी. बाई ऐकत नसत. "शोधू दे त्यांना. मी हातात आणून दिलं तर मान वळेल कशी?" आणि मान वळायची. हळूहळू, रुळांचा गंजलेला सांधा बदलावा तशी. एखादा आठवडा काहीच हलत नसे, एखाद्या आठवड्यात मागेच जायचं. पण पावसाळा सरता सरता टीव्ही खाटेसमोर मधोमध आला, आणि ताटातली डावीकडची कोशिंबीर संपायला लागली. त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली आणि बाईंपुढेही. बाई बिनसाखरेच्या चहाशी एकनिष्ठ राहिल्या.

मग बाईंचेच गुडघे बोलू लागले. नाशिकला दिलेली त्यांची मुलगी कित्येक दिवस बोलावत होती. एकदाची त्यांनी सामानाची बांधाबांध केली. आळीतले आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. तलासरीहून शेठही आले होते, हातात चिकूंची करंडी. "बेन, तिकडे द्राक्षं असतात. द्राक्ष कुणीही दाखवेल," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले. अण्णा दादाच्या हाताला धरून आले होते.

नाशिकची गाडी लागली. बाई चढल्या, खिडकीपाशी बसल्या. आम्ही उभे होतो तिथून ती खिडकी अण्णांच्या डाव्या हाताला येत होती. माझ्या लक्षात आलं. मी त्यांना वळवायला पुढे झाले, तर खिडकीतून बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. दादानेही अण्णांचा हात सोडला.

"येते हं, अण्णा," बाई खिडकीतून म्हणाल्या.

अण्णांनी आधी उजवीकडे पाहिलं. तिथे रसवंतीचं दुकान होतं. मग ते थांबले, आणि कुणी न सांगता त्यांची मान वळू लागली. आमच्यावरून, गाडीच्या दारावरून, एकेक खिडकी ओलांडत, ते बाईंपर्यंत पोहोचले.

"दिसले का मी?" बाईंनी विचारलं.

"दिसलात," अण्णा म्हणाले. "पूर्ण दिसलात."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. गाडी सुटली आणि स्टँडबाहेर पडून डावीकडेच वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत अण्णा तिकडे बघत राहिले.