थांबवलेलं चित्र

माझी नात आता इतकी बोलते की एखादा पाहुणा हसून विचारतोच, "ही उशिरा बोलायला लागली होती म्हणे?" मी लगेच विषय बदलतो. वर्षानुवर्षं बदलत आलोय. आज लिहूनच टाकतो.

तिसरं वर्ष सरलं तरी पोरीचं आपलं बोट दाखवणं आणि 'अं' एवढंच. सून म्हणाली, "मामा, लातूरला एक मॅडम हायत, लेकरांना बोलायला शिकवतात. नेऊन आणू का?" तिचं माहेर लातूरचं.

"माहेरी जायला लई झ्याक निमित्त सापडलं," मी म्हणालो. "आपल्या घरात पोरं उशिराच बोलतात. हिचा बाप चौथ्या वर्षी बोलला, आता गप बस म्हणावं लागतंय."

मग मी वेखंड उगाळून मधातून चाटवू लागलो. पोरगी पोपटासारखी बोलावी म्हणून पोपटानं चोच मारलेला पेरू भोकरच्या शेतातून मुद्दाम आणला. नातीनं तो आवडीनं खाल्ला आणि आणखी हवा म्हणून बोट दाखवलं.

नांदेडच्या आमच्या घरी दुपारी मधल्या खोलीत टीव्ही लागायचा. लहान मुलांचा कार्यक्रम, त्यात एक हत्ती. एकदा पाहुण्यांदेखत मी सुनेकडं हात करून बोललो, "हिनंच पोरीला त्या डब्यापुढं बसवून मुकी करून ठेवलीय." आणि टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली. त्याच आठवड्यात मुलानं दोघींना लातूरला पोचवलं.

काही दिवसांनी मी भेटायला गेलो. दार उघडंच होतं, आत टीव्ही चालू. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनेनं चित्र थांबवलं. हत्ती चिखलाच्या काठावर, एक पाय वर.

"आता काय होणार?" तिनं विचारलं आणि हनुवटी हातावर टेकवून पोरीकडं बघत राहिली. सुचवलं नाही, घाई केली नाही. मलाच राहवेना.

"पल्ला," नात म्हणाली.

"पडला! धप्पकन पडला!" सून हसली.

नांदेडलाही ती हेच करायची. मी बाहेरच्या खोलीतून फक्त टीव्हीचा आवाज ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडं मीही गेलो. त्या म्हणाल्या, "नुसता टीव्ही लावून दिला तर मूल बघत बसतं. शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं, ते यांना छान जमतं. पण आणायला इतका उशीर का केलात?"

मी खाली बघितलं. सून म्हणाली, "माझ्याच ध्यानात आलं न्हाई, मॅडम."

संध्याकाळी तिनं मला चहा दिला.

"सूनबाई," मी म्हणालो.

"काय, मामा?"

ती समोर बसली आणि हनुवटी हातावर टेकवून माझ्याकडं बघत राहिली. तशीच, बिनघाईची. शब्द ओठांपर्यंत आले.

"चहात साखर जास्त झाली," मी म्हणालो.

त्यानंतरही ती थोडा वेळ थांबली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, पोरी, चुकलं माझं.